चिलखताआडचा श्वास

आज सकाळी बाल्कनीचं दार उघडलं आणि जिभेवर ती चव आली. जळक्या काडीची, थोडी लोखंडाची. समोरचा टॉवर काल होता, आज नाही. त्याच्या जागी पिवळट राखाडी काहीतरी उभं आहे आणि त्यात कुणाच्या तरी स्वयंपाकघरातला एक दिवा लागलेला आहे. मी दार लावून घेतलं, फटीत ओला टॉवेल कोंबला. हॉलमधल्या एअर प्युरिफायरचा दिवा हिरव्याचा केशरी झाला, मग लाल. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी हवेचा आकडा टाकला आणि त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली.

पुण्यात, माझ्या माहेरी, या दिवसांची ओळख पटायला फार काही लागत नसे. फराळाच्या डब्यांच्या तळाशी चुरा उरलेला, पहाटे शाल, मंडईत पेरू. गुरुग्राममध्ये याच दिवसांना धड नाव नाही. शाळेतली मुलं ‘पोल्यूशन की छुट्टी’ म्हणतात. ऑफिसातून घरूनच काम करा असा मेल येतो. मी मात्र या दिवसांत कपाटाच्या वरच्या खणातून मोठे, कान पूर्ण झाकणारे हेडफोन काढते, पुसते, चार्जिंगला लावते. माझ्या लेखी ऋतू तिथे सुरू होतो.

आज ते लावताना हात जरा घाईत होते. माझे सासरे, बाबा, परवाच नाशिकला गेले, माझ्या नणंदेकडे, विद्याताईंकडे. या वर्षी धूर लवकर उतरला आणि आम्हाला तिकीट उशिरा मिळालं, त्यामुळे त्यातले काही दिवस त्यांच्या छातीत गेलेच. पोचल्यावर विद्याताईंचा मेसेज आला, ‘पोचले. दमलेत. झोपलेत.’ काल फोन केला तेव्हाही झोपलेलेच होते. आज दुपारी खेळायला येतील, असं ताईंनी कळवलं आहे. तोवर त्यांचा आवाज मी ऐकलेला नाही. आवाजापेक्षा मला त्याच्या आधीचं आणि नंतरचं काहीतरी ऐकायचं आहे. ते का, हे सांगायचं तर त्या एका हिवाळ्याकडे जावं लागेल.

त्या हिवाळ्यात बाबा पहिल्यांदा आमच्याकडे राहायला आले होते. आले म्हणजे आणावे लागले. दिल्लीतल्या द्वारका भागातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये एकटेच राहायचे. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयातून अवर सचिव म्हणून निवृत्त झालेले, सगळी हयात दिल्लीत गेलेली. सरकारी क्वार्टरमध्ये संसार झाला, मुलं झाली, सासूबाई गेल्या त्याही इथेच. फुप्फुसांचं जुनं दुखणं होतं. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, हिवाळ्यात दिल्ली सोडा. नाशिकला मुलीकडे जा. बाबा म्हणाले, “धुराला घाबरून पळून जायला मी काय डास आहे?” शेवटी तडजोड म्हणून निखिलने, माझ्या नवऱ्याने, त्यांना गुरुग्रामला आणलं आणि त्याच आठवड्यात कंपनीने त्यालाच परदेशी धाडलं. घरात उरलो बाबा, मी आणि तो लाल दिवा.

आमचं काही वाकडं नव्हतं. पण एकमेकांशी काय बोलावं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. निखिल मध्ये असला की आम्ही त्याच्यामार्फत बोलायचो. त्यांचं रोजचं चालणं बंद झालं होतं. ते दिवाणखान्यात या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत जायचे, काचेला बोट लावून बघायचे आणि “आज बिल्कुल काही दिसत नाही,” असं मला नाही, खिडकीलाच सांगायचे. माझं काम अमेरिकेच्या वेळेवर, संध्याकाळी सुरू व्हायचं आणि मग मी कानात ऑफिसचे इअरफोन घालून खोलीत. मोकळी असायची ती दुपार. आणि दुपारी मी खेळायचे.

हा खेळ म्हणजे इंटरनेटवरचं एक भलंमोठं जादूचं राज्य. तिथे जंगलं, किल्ले, भुयारं आणि भुयारांच्या तळाशी बसलेले राक्षस. ते एकट्याने मरत नाहीत, म्हणून पाच जणांची टोळी करून जायचं आणि हेडफोनवर एकमेकांशी बोलत लढायचं. चाळिशीच्या बाईने हे करावं का, असं माझ्या आईने एकदा विचारलं होतं. ती दुपारभर मालिका बघते, तेव्हा तिला फार बोलता आलं नाही.

एकदा बाबा दारात येऊन उभे राहिले.

“हे लोक कोण?”

“माझा ग्रुप आहे बाबा. एक इंदूरचा, एक लखनौचा. ही सोनम, इथे मानेसरला असते.”

“आणि तुम्ही काय करताय?”

“त्या राक्षसाला मारतोय.”

“का?”

ते खुर्ची ओढून मागे बसले. दुसऱ्या दिवशीही बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि ते प्रश्न खास त्यांचे होते. यात वरिष्ठ कोण? आदेश कुणाचा चालतो? चूक झाली तर जबाबदारी कुणावर? मी सांगितलं, यात तीन कामं असतात. एक जण पुढे उभा राहून राक्षसाचा राग आपल्यावर ओढून घेतो आणि मार खातो, त्याला टँक म्हणतात. बाकीचे बाजूने वार करतात. आणि एक जण मागे उभा राहून सगळ्यांच्या जखमा भरत राहतो, तो हीलर. मी हीलर आहे.

“म्हणजे राक्षस फक्त त्या पुढच्याकडे बघतो?”

“त्याने नीट धरून ठेवलं तर.”

“अच्छा,” बाबा म्हणाले आणि त्यांनी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाले, “मला एक आयडी काढून दे.”

आपण कोण ते आधी ठरवावं लागतं, मग खेळ सुरू होतो. पडद्यावर एक उघडाबंब माणूस उभा असतो आणि शेजारी वस्त्रं मांडलेली असतात. कापडी झगा, चामड्याचा अंगरखा, लोखंडी कड्यांचं चिलखत आणि पोलादी पत्र्यांचं जड चिलखत. झगा घातला की मंत्र जोरात चालतात, पण एका फटक्यात माणूस आडवा. पोलाद घातलं की मार सोसतो, पण चाल मंदावते. कोण काय निवडतो ते बघायला मला फार आवडतं. आमच्या ऑफिसात मीटिंगमध्ये तोंड न उघडणारा एक मुलगा आहे. तो इथे दोन्ही हातांत कुऱ्हाडी घेऊन, अंगावर चिंधीही न घालता राक्षसाच्या अंगावर धावतो. मी पहिल्यापासून झग्यातली. मागे उभं राहायचं, सगळ्यांच्या आयुष्याच्या हिरव्या पट्ट्यांवर नजर ठेवायची, कुणाची पट्टी उतरली की भरायची. ऑफिसातही मी तेच करते, फक्त तिथे झगा नसतो.

बाबांना मी तिरंदाज सुचवला. “लांब उभं राहून बाण मारायचे. धावायला नको, मार बसत नाही.”

ते माझ्याकडे वळले. “अगं मेघना, माझं आधीच सगळं लांबून चाललंय. बाग खिडकीतून, माणसं फोनवरून. आता खेळातही लांबून?” त्यांनी पडद्यावरच्या शेवटच्या चिलखतावर बोट ठेवलं. “हे जड दे.”

चार जिने चढताना जो माणूस प्रत्येक वळणावर ‘जरा नोटीस बोर्ड वाचतो’ म्हणून थांबायचा, त्याने पायापासून डोक्यापर्यंत पोलाद चढवलं. खांद्यांवर काटे, हातात दरवाजाएवढी ढाल. शिरस्त्राणाचा पडदा खाली ओढला तेव्हा आतला माणूस दिसेनासाच झाला. नाव काय देऊ विचारल्यावर ते म्हणाले, “पदनाम टाक.” म्हणून त्या योद्ध्याच्या डोक्यावर अवर सचिव अशी पाटी तरंगू लागली. सोनमने पहिल्याच दिवशी त्यांचं ‘सचिव अंकल’ करून टाकलं.

सोनम आमची म्होरकी. मानेसरला गाड्यांचे सुटे भाग तयार होतात, तिथे तपासणी विभागात कामाला. सकाळची पाळी संपवून कंपनीच्या बसने खोलीवर यायची आणि आम्हाला हाका मारायची. बोलणं फटकळ, हसणं मोठं. तिनेच बाबांना शिकवलं. निखिलच्या अभ्यासिकेत मी बाबांना बसवलं होतं, माझी खोली लागूनच. मध्ये एक भिंत, दोघांच्या कानांवर हेडफोन. बोलणं भिंतीतून नाही, इंटरनेटवरून फिरून यायचं.

पहिल्या दिवसांत आमचं सारखं एकाच ठिकाणी फसायचं, आणि ते माझ्यामुळे. या खेळाचा एक नियम आहे. राक्षस फक्त वार करणाऱ्यावर चिडत नाही, जखमा भरणाऱ्यावरही चिडतो. टँकने त्याला पुरतं धरण्याआधीच हीलरने उपचार सुरू केले तर तो टँकला सोडून थेट हीलरवर येतो. आणि हीलरच्या अंगावर काय, तर कापड. मला हे पाठ होतं, दुसऱ्या कुणाच्याही बाबतीत मी ही चूक करत नसे. पण बाबांच्या पट्टीला नख लागलं तरी माझं बोट बटणावर जायचं. राक्षस वळायचा, मी मरायचे, मग सगळेच.

“अगं, आधी मला धरू दे!” भिंतीपलीकडून आणि कानातून एकदमच ओरडा यायचा. “मला मार बसू दे ना जरा. लगेच मलमपट्टी कशाला?”

“तुमची पट्टी खाली जात होती.”

“जाऊ दे. त्यासाठीच तर उभा आहे मी.” मग एक धाप. “झालं का आपलं पानिपत?”

“सचिव अंकल,” सोनम लगेच मध्ये पडली, “पानिपत को क्या हुआ? मेरा तो घर है वहाँ. चादरें बनती हैं, कंबल बनते हैं. आप लोग हर बार मरने पे मेरे शहर का नाम क्यों लेते हो?”

बाबा इतके हसले की त्यांना खोकला आला. मी हात बटणावर ठेवून तो खोकला संपायची वाट पाहत बसले.

त्या हेडफोनमधून मला बाबांचा श्वास ऐकू यायचा. माइक त्यांच्या ओठांशी असायचा ना. समोर बसून जे कधी कळलं नसतं ते थेट कानात यायचं. श्वास आत घेताना एक बारीक शिट्टी आणि सोडताना न संपणारा सुस्कारा. बरा दिवस असला की शिट्टी कमी. धूर दाटला की दोन शब्दांच्या मध्येही ती वाजायची. मी पडद्यावर पाचही पट्ट्या बघत असायचे, पण कानाने सहावी मोजत असायचे. बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र होतं, पण बाबा त्याच्याशी सरकारी खाक्याने वागायचे. आधी कोमट पाण्यात हात बुडवून, खुर्चीत बराच वेळ शांत बसून मगच बोट पुढे करायचे, म्हणजे आकडा चांगला यावा. त्यामुळे माझा भरवसा त्या शिट्टीवर जास्त. रोज खेळ संपला की मी निखिलला कळवायचे, आज कशी होती ते. नाशिकचं तिकीट काढायचं की नाही, हे त्या शिट्टीवर ठरायचं होतं. शिट्टी वाढली तर मी त्यांना उचलून विमानात बसवणार होते, त्यांनी दिल्लीशी लग्न लावलेलं असलं तरी.

हे ऐकणं सोपं नव्हतं. संध्याकाळी ऑफिसच्या मीटिंगमध्येही मला ती शिट्टी ऐकू आल्यासारखी व्हायची. कुणी डेडलाइनबद्दल बोलत असायचं आणि मी माइक बंद करून दाराशी जाऊन कान देऊन यायचे. पण दिवाणखान्यात प्युरिफायर पूर्ण वेगाने घरघरत असायचा, त्याच्या आवाजात माणसाचा श्वास कुठला ऐकू यायला. जेवायला आम्ही एकत्र बसायचो तेही घाईत. बाबा कमी बोलायचे, पण ते नेहमीच कमी बोलत.

मग एके दिवशी सोनम वैतागली. “किसी के माइक से हवा आ रही है. लगातार. कुछ सुनाई नहीं देता.”

ती हवा कुणाची ते मला ठाऊक होतं.

“सचिव अंकल, आपका है. सेटिंग में जाओ, शोर दबाने वाला बटन है, ऑन कर दो. पंखा-वंखा सब साफ हो जाता है.”

“पंखा?” बाबा म्हणाले. “हां हां, पंखा होगा.” डिसेंबर तोंडावर आला होता, घरात एकही पंखा चालू नव्हता.

हे बटण मी ऑफिसात रोज वापरते. माणसाचा शब्द तेवढा पुढे जाऊ देतं, बाकी सगळं कचरा म्हणून गाळून टाकतं. कुत्र्याचं भुंकणं, कुकरची शिट्टी, गाड्यांचे हॉर्न. पण त्या घटकेला माझ्या डोक्यात लढाई होती आणि बाबांनी ते लावलं की नाही, हे मला कळलंच नाही. त्यांना बटणांचं कौतुक नव्हतं. मी समजले, त्यांनी नुसतं हो म्हटलं.

पुढच्या दिवशी शिट्टी कमी होती. त्याच्या पुढच्या दिवशी जवळजवळ नाही. बाबांचे शब्द स्वच्छ यायचे आणि शब्दांच्या मध्ये शांतता. अशी शांतता, जशी निरोगी माणसाच्या बोलण्यात असते. बाहेर हवा होती तशीच होती, पण मी म्हटलं, डॉक्टरांनी दिलेला श्वासाच्या औषधाचा नवीन पंप लागू पडला असेल. मला इतकं हलकं वाटलं की मी खेळ संपल्यावर भिंतीवर टकटक केली आणि माइकमध्ये म्हणाले, “बाबा, आज श्वास अगदी छान आहे हं.”

पलीकडून आधी “अं?” आलं. मग, “हो. आहे.”

त्या रात्री मी निखिलला सांगितलं की तिकिटाचं राहू दे. तो म्हणाला, बघ, मी म्हणत होतो ना, घरात राहिले की बरे राहतील.

त्यानंतर आमचा खेळही विलक्षण चांगला होऊ लागला. श्वासाची काळजी नाही म्हटल्यावर माझं बोट घाईने बटणावर जाईना. बाबा राक्षसाला धरायचे, मी थांबायचे, मग भरायचे. सोनम म्हणाली, आता त्या मोठ्या भुयारात जायला हरकत नाही. तिथला राक्षस आम्ही कुणीच पाहिलेला नव्हता. रविवार ठरला. बाबांनी त्या दिवशी दाढी केली आणि इस्त्रीचा शर्ट घातला. मी विचारलं, कुठे निघालात की काय? म्हणाले, “महत्त्वाची बैठक आहे.”

तो राक्षस खरोखर मोठा होता. पंख उघडले की पडद्यावर बाकी काही दिसायचं नाही. बाबांचा योद्धा त्याच्या पायाशी ढाल रोवून उभा राहिला आणि हटेना. आग आली, ढाल वर. शेपटी आली, ढाल खाली. त्यांची पट्टी उतरायची, मी भरायचे, पुन्हा उतरायची. सोनम ओरडून आकडे सांगत होती. आणि बाबांच्या बाजूने एखाददुसरा शब्द, “हां,” “आलं,” “भर,” आणि मध्ये ती स्वच्छ शांतता.

ऐन भरात माझ्या हेडफोनची बॅटरी संपली. एक बारीक सूर वाजला आणि सगळं बंद. मी चिडून ते डोक्यावरून ओढले, वायर शोधायला खाली वाकले.

आणि भिंतीपलीकडून ते ऐकू आलं.

शिट्टी नव्हती ती. करवतीने ओलं लाकूड कापावं तसा आवाज. आत, बाहेर, आत, आणि मध्ये कुठेतरी अडकून पुन्हा. पडद्यावर अवर सचिव ताठ उभे होते, शिरस्त्राणाचा पडदा खाली, पट्टी हिरवीगार, मीच नुकती भरलेली.

टँक लढत असताना हीलरने जागा सोडायची नसते. हा या खेळातला पहिला धडा आहे आणि इतकी वर्षं मी तो पाळला होता. मी खुर्ची ढकलली आणि धावले.

बाबा टेबलाच्या कडेला दोन्ही कोपर टेकून, खांदे कानांपर्यंत उचलून बसले होते. ओठांचा रंग जांभळ्याकडे झुकलेला. इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटलेला. एक हात माउसवर तसाच. त्यांनी मान वळवली नाही.

“जागा...” श्वास. “सोडू...” श्वास. “नकोस.”

मी त्यांच्या कानांवरून हेडफोन काढले. त्यात सोनम विचारत होती, हील कहाँ है, हील कहाँ है. पंप तोंडाला लावला, पुन्हा लावला. खाली गार्डला फोन केला, त्याने व्हीलचेअर आणली आणि समोरच्या फ्लॅटमधल्या सरदारजींनी आपली गाडी काढली. रस्त्यावर धूर इतका की पुढच्या गाडीचे दिवेसुद्धा जवळ गेल्यावरच दिसत होते. मी मागच्या सीटवर बाबांना छातीशी धरून बसले होते आणि तो आवाज थेट माझ्या गळ्यापाशी येत होता. मला भयंकर भीती वाटत होती आणि तेवढाच राग येत होता. देवा, हा माणूस असा कसा, एवढंच मी सारखं मनात म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉस्पिटलात त्यांना बोलता येऊ लागलं. नाकावर मास्क, त्याच्यामागे चेहरा अर्धा. मी स्टुलावर बसले होते. राग अजून उतरला नव्हता आणि मी तो लपवलाही नाही.

“तुम्ही ते बटण लावलं होतंत.”

त्यांनी मान हलवली.

“त्याने काय होतं ते ठाऊक होतं तुम्हाला?”

“आधी नव्हतं.” ते थांबले. “मग तू म्हणालीस, श्वास छान आहे. इतक्या खुशीत म्हणालीस. मग कसं सांगायचं?”

मास्कमध्ये वाफ यायची, जायची.

“तिकडे काय झालं पुढे?” त्यांनी विचारलं.

“सगळे मेले.”

“मी उठलो म्हणून?”

“नाही. मी जागा सोडली म्हणून.”

ते छताकडे बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांच्या कडांना पाणी होतं, ते मास्कच्या पट्ट्यामुळे पुसता येत नव्हतं. मी पुसलं. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण त्यांच्या चेहऱ्याला मी पहिल्यांदा हात लावत होते.

“जागा सोडता येते बाबा,” मी म्हणाले. “काही होत नाही. सोनम दोन दिवस चिडेल.”

नर्स येऊन बाटली बदलून गेली. मग मास्कमागून ते म्हणाले, “नाशिकचं तिकीट काढ.”

तेव्हापासून ते दरवर्षी दिवाळी झाली की जातात आणि होळीला परत येतात. दिल्ली सोडली असं ते म्हणत नाहीत, दौऱ्यावर आहे म्हणतात. नाशिकला पोचल्यावर पहिल्या वर्षी त्यांनी स्वतःहून फोन केला आणि म्हणाले, आयडी बदलायचा आहे. पोलाद उतरवलं. आता अवर सचिव कापडी झग्यात असतात, हातात काठी, पाठीमागे उभे, सगळ्यांच्या पट्ट्या बघत. हीलर म्हणून ते अतिशय चोख आहेत आणि थोडे कंजूष. माझी पट्टी अर्ध्यावर आल्याशिवाय बोट हलवत नाहीत. पुढे मी असते. जड चिलखत मी घातलं. सुरुवातीला मला ते झेपेना, समोरून पंजा आला की मी मागे सरायचे. बाबा नाशिकहून म्हणायचे, धर, आधी धर, मी आहे.

माझी एकच अट होती. ते बटण कधीच लावायचं नाही. सोनमला मी सगळं सांगितलं, तेव्हा तिने आधी बाबांची चौकशी केली. मग म्हणाली, “दीदी, मुझे लगा पंखा है.”

आणि आज. दुपार झाली आहे, खिडकीबाहेर संध्याकाळ असल्यासारखं दिसतं आहे. मी भुयाराच्या तोंडाशी ढाल घेऊन उभी आहे. सोनम आली आहे, लखनौवाला आला आहे, एक नवीन मुलगा आहे, जयपूरचा. बाबांच्या नावापुढे हिरवा ठिपका लागला आहे, पण कानात काही नाही. शांत, स्वच्छ. मला ती स्वच्छता ओळखीची आहे. विद्याताईंना फोन करावा म्हणून मी तो उचलतेच आहे.

मग कानात काहीतरी घासल्यासारखं झालं. माइक जागेवर येत असावा. आणि त्यामागून ती आली, बारीक शिट्टी, मागच्या आठवड्यापेक्षा कमी, मग लांब सुस्कारा. पुन्हा शिट्टी. मी मोजते आहे. दोन श्वासांच्या मधलं अंतर बरं आहे.

“किसी के माइक से हवा आ रही है,” नवीन मुलगा म्हणाला.

“आने दे,” सोनम म्हणाली.

“मेघना,” नाशिकहून बाबा म्हणाले, “उभी काय राहिलीस? चल पुढे.”

मी शिरस्त्राणाचा पडदा खाली ओढला आणि आत शिरले.